एकोणतीस कोणाचे?

म्हात्रे मॅडमनी पहिल्या दिवशी माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर एक जाडजूड फाईल उभी केली आणि म्हणाल्या, "आता सांग, काय दिसतंय?"

काय दिसणार, फाईल दिसत होती. फाईलच्या मागे माझं आयुष्यातलं पहिलं खरंखुरं काम होतं. एका लोखंडी ब्रॅकेटवर भार टाकला तर त्यात कुठे किती ताण येतो, याचं चित्र. निळा, हिरवा, पिवळा, आणि एका कोपऱ्यात लालभडक ठिपका. आमच्या ऑफिसचा धंदाच तो. मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या शेडवर बांधलेल्या दोन खोल्यांत बसून आम्ही लोकांच्या यंत्रांचे ताण काढून द्यायचो. वस्तू बनायच्या आधीच ती तुटेल की टिकेल हे सांगायचं, एवढंच काम.

"मॅडम, कोपऱ्यात लाल येतंय. डेंजर आहे," मी म्हटलं.

"लाल राहू दे बाजूला. आकडा किती?"

"बारा."

"कोणाचे बारा?"

मी फाईलकडे बघायला लागले. मॅडम हसल्या. "गावात नवीन पोर दिसलं की म्हातारी माणसं विचारतात ना, कोणाचा रे तू? तसंच आकड्याला विचारायचं. बारा कोणाचे? न्यूटनचे, किलोचे, पौंडाचे? आणि केवढ्या जागेवरचे?"

बारा मेगापास्कलचे निघाले. म्हणजे काहीच नाही, ते ब्रॅकेट आणखी दहापट भार हसत हसत पेललं असतं. मॅडम म्हणाल्या, "अगं, कॉम्प्युटर सगळ्यात मोठ्या आकड्याला लाल रंग देतो, मग तो आकडा मुळात कितीही छोटा असेना का. रांगोळी बघून घाबरायचं नाही आणि रांगोळी बघून झोपायचंही नाही." त्यानंतर जवळजवळ वर्षभर माझा पडदा आधी झाकला जायचा. आकडा आणि त्याचं एकक कागदावर लिहून दाखवलं की मगच फाईल हलायची.

दिसायला मॅडम अशा की वसाहतीच्या फाटकावरचा नवीन वॉचमन त्यांना हमखास अडवायचा. उंची पाच फुटांच्या आत, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. डाव्या हातात सोन्याच्या सहा बांगड्या, आणि त्या टेबलावर वाजतात म्हणून कॉम्प्युटरची बटणंसुद्धा एकट्या उजव्या हाताने. सकाळी त्यांचा भाचा त्यांना पांढऱ्या गाडीतून सोडायचा. ती गाडी आमच्या ऑफिसपेक्षा लांब आहे, असं आमचे साहेब म्हणायचे, आणि ते फारसं खोटं नव्हतं. मॅडमचं घराणं इथलंच, पिढ्यान्‌पिढ्यांचं. वडील खाडीकाठी मिठागरावर राबलेले. पुढे भावांच्या शेतांवर टॉवर उभे राहिले आणि घरातल्या कोणालाच नोकरीची गरज उरली नाही. मॅडम मात्र पस्तीस वर्षं रोज नऊ वाजता हजर. गावातली इंजिनिअर झालेली ती पहिली मुलगी. का येता, असं एकदा मी विचारलेलं. म्हणाल्या, "बाबा मिठाची टोपली नुसती उचलून वजन सांगायचे. काट्यावर ठेवली की तेवढंच भरायचं. मला तसं येत नाही, मला कागद लागतो. म्हणून येते." आता हे काही उत्तर झालं का? पण त्यांच्याकडून याहून सरळ उत्तर मला कधी मिळालं नाही.

माझा पहिला आठवडा संपायच्या आत त्यांनी मला खालच्या शेडमध्ये नेलं. तिथल्या आडव्या तुळईला त्यांनी सळ्या बांधायची काळी तार बांधली होती आणि तारेच्या टोकाला बादली. शेजारच्या भंगारवाल्याकडून लोखंडी वजनं मागून आणली होती.

"एक मेगापास्कल म्हणजे किती?"

मी परीक्षेतलं उत्तर दिलं, दहाचा सहावा घात वगैरे.

"ते कॉलेजात. इथे?" त्यांनी तार दोन बोटांत धरली. "ही तार कापली तर तिचं तोंड साधारण एक चौरस मिलिमीटर. यावर शंभर ग्रॅम टांगलं की झाला एक मेगापास्कल. शंभर ग्रॅम म्हणजे मध्यम बटाटा."

मग त्या बादलीत वजनं टाकत गेल्या. दहा किलो झाले तेव्हा म्हणाल्या, "आता हिच्यात शंभर मेगापास्कल आहेत. हात लाव." मी लावला. तार ताणलेली, थंड, वाजवली तर वाजेल अशी. वीस झाले. पंचवीसच्या आसपास बादली आपोआप खाली यायला लागली, अगदी सावकाश, थकलेलं माणूस टेकतं तशी. तार लांबत होती आणि वजन काढलं तरी ती पूर्वीएवढी झाली नाही. "पुस्तकात साध्या लोखंडाला अडीचशे लिहितात ना, ते हे. इथून पुढे लोखंड परत येत नाही." त्यांनी पुन्हा वजनं भरली आणि चाळिसाच्या अलीकडे कुठेतरी तटकन आवाज होऊन बादली खालच्या पोत्यावर आदळली. मी दोन पावलं मागे उडाले. मॅडम जागच्या हलल्या नव्हत्या.

मी डिस्टिंक्शनमध्ये पास झालेले. चार वर्षं हजारो वेळा तो शब्द लिहिला होता, आणि मेगापास्कल नावाची वस्तू मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. खरं सांगते, मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. पण त्या वजनं परत करायला भंगारवाल्याकडे निघूनही गेल्या होत्या.

त्यांच्या या "कोणाचे?"मधून कोणीही सुटायचं नाही. एकदा ठाण्याहून, खोपटच्या बाजूला ऑफिस असलेला एक बडा इंजिनिअर आला. परदेशातून आलेला रिपोर्ट घेऊन. सूट, टाय, बोलायला फर्डा. "सगळ्यात जास्त ताण तीस, परवानगी दीडशेची. पाचपट सेफ आहे मॅडम, तुमचा फक्त शिक्का पाहिजे." मॅडमनी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि विचारलं, "तीस कोणाचे?" तो हसला, पानं उलटायला लागला. उलटता उलटता हसू कमी होत गेलं. कुठल्याशा पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात होतं: हजार पौंड, चौरस इंचावर. मॅडमनी रिपोर्टच्या मागेच गुणाकार केला. "आपले दोनशे सात झाले." त्या माणसाचा चहा तसाच गार झाला. दुसरं कोणी असतं तर चार शब्द सुनावले असते. मॅडमनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "वेळेत आलात, बरं झालं."

घरीही तेच. भाच्याच्या हळदीला मी गेलेले. आगरी लोकांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. अख्खं गाव नाचत होतं आणि वर पाईपांच्या चौकटीला हे भलेमोठे स्पीकर टांगलेले. मॅडम भरजरी साडीत, नाकात नथ, आणि नजर मात्र वर. डेकोरेटरला त्यांनी कोपऱ्यात गाठलं. "मना पयला सांग, यो पाईप किती मिलीचा हाय? आन् येका स्पीकरचा वजन किती?"

धाकटा भाऊ धावत आला. "आक्का, आज तरी गप ऱ्हा गं! पोराची हलद हाय."

आक्का गप्प राहिल्या, पण लग्नपत्रिकेच्या मागे हिशेब मांडून. दहा मिनिटांनी ती पत्रिका त्यांनी भावाच्या हातात दिली. त्याला त्यातलं काडीचं कळलं नसणार, पण बहिणीचा चेहरा त्याला कळत होता. गाणं थांबलं. चारपैकी दोन स्पीकर खाली उतरवून जमिनीवर ठेवले, आणि मग नाच पुन्हा सुरू झाला. पोरं थोडी कुरकुरली. स्पीकर जमिनीवर आल्यावर आवाज आणखी मोठा लागतो हे कळल्यावर कुरकुरही थांबली.

अशा माणसाची चूक होऊ शकते हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

आमच्या गल्लीतच सावंत साहेबांचा कारखाना होता. तिथे लोखंडाच्या मोठमोठ्या टाक्या बनत. एक टाकी तयार झाली होती, ती क्रेनने उचलून ट्रेलरवर ठेवायची होती. उचलण्यासाठी टाकीला वरच्या अंगाला दोन लोखंडी कान वेल्ड केलेले, त्यांत साखळी अडकवायची. ते कान भार पेलतील का, एवढंच आम्हाला तपासायचं होतं. कॉम्प्युटरवरचं काम मी केलं. ताण आला एकोणतीस मेगापास्कल. परवानगी दीडशेची. मॅडमची पद्धत अशी की कॉम्प्युटरचं उत्तर न बघता त्या हाताने वेगळा हिशेब करायच्या आणि मग दोन्ही शेजारी ठेवायच्या. त्या आठवड्यात त्यांचे बाबा डोंबिवलीच्या हॉस्पिटलात होते. मॅडम अर्ध्या तासासाठी ऑफिसात आल्या, खुर्चीच्या कडेवर बसून हिशेब केला, त्यांचंही उत्तर एकोणतीस. तंतोतंत. त्यांनी सही केली आणि रिक्षा गाठली.

टाकी उचलायच्या दिवशी सकाळी आम्ही दोघी कारखान्यात गेलो. बाबा तोवर घरी आले होते आणि मॅडम खुशीत होत्या. क्रेन उभी, ट्रेलर उभा, खलाशी साखळ्या घेऊन तयार. खलाशी म्हणजे असं जड सामान हलवणारी माणसं. त्यांचा मुकादम दत्तू मॅडमच्याच गावचा. टाकी हवेत असताना ती फिरू नये म्हणून रस्सी धरून खाली उभं राहायचं काम त्याचं. मॅडम सवयीप्रमाणे शिडीवर चढल्या आणि त्यांनी एका कानाला हात लावला. अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला. हात तसाच राहिला.

"स्नेहा, आपला आकडा किती होता?"

"एकोणतीस."

"म्हणजे पाचपट ताकद. सावंत साहेब गरजेपेक्षा पाचपट लोखंड घालतील? आणि हा कान तर बोटांना बारीक लागतोय."

त्या खाली उतरल्या, पर्समधली कच्च्या हिशेबाची वही काढली आणि ते पान उघडून बघत राहिल्या. पानावर लिहिलं होतं, २९. पुढे काहीच नव्हतं.

मग त्यांनी कामगाराकडून खडू मागून घेतला आणि सिमेंटच्या जमिनीवर उकिडव्या बसून सगळा हिशेब पहिल्यापासून मांडला. आधी एकक लिहायचं, मग त्याच्या डावीकडे आकडा. मी मागे उभी राहून बघत होते आणि तिसऱ्या ओळीला मला माझी चूक दिसली. टाकीचं वजन किलोत होतं. मी ते किलोतच कॉम्प्युटरला भरलं होतं, आणि कॉम्प्युटरने ते न्यूटन समजून घेतलं. एक किलोचं वजन म्हणजे जवळजवळ दहा न्यूटन. माझा ताण खऱ्याच्या दहाव्या हिश्शाएवढाच आला होता. आणि मॅडम जुन्या काळच्या, हाताने हिशेब करताना किलोतच करायच्या, शेवटी न्यूटनमध्ये आणायच्या. त्या दिवशी शेवटची पायरी राहिली. त्यांचे एकोणतीस किलोचे होते, माझे एकोणतीस न्यूटनचे म्हणून छापलेले. आकडे जुळले, आणि जुळले म्हणूनच दोघी फसलो.

जमिनीवर शेवटची ओळ उमटली. दोनशे चौऱ्याऐंशी मेगापास्कल. साधं लोखंड अडीचशेला परत न येण्याच्या वाटेला लागतं.

मॅडम उठल्या, हात झटकले. "सावंत साहेब, हे उचलायचं नाही."

"मॅडम, मस्करी करताय काय? क्रेन आजच्या दिवसापुरती मिळालीय. गिऱ्हाईक तिकडे वाट बघतंय." सावंतांनी रिपोर्टच पुढे धरला. "सेफ लिहिलंय. खाली सही तुमची."

"सही माझीच आहे. म्हणून मीच सांगतेय."

"आणि कॉम्प्युटर पण एकोणतीसच बोलतोय ना?"

मी पुढे झाले. तोंड उघडलं. काय बोलणार होते ते ठरलेलं होतं, पण शब्द आला नाही. नोकरी जाईल, ठाकुर्लीला घरी काय सांगू, असलं काहीबाही डोक्यात. मॅडमनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर वळवली.

"कॉम्प्युटरला तपासायचं काम माझं होतं," त्या सावंतांना म्हणाल्या. "तपासताना मी एकक लिहिलं नाही. चूक माझी."

"तुमचे वडील हॉस्पिटलात होते, त्या गडबडीत..."

"ते साखळीला माहीत नसतं."

वीस-पंचवीस कामगारांच्या समोर, पस्तीस वर्षांचं नाव असलेली ती बाई. कोणी इतक्या साध्या आवाजात स्वतःला चूक म्हणताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. त्यांनी सावंतांच्या हातातून रिपोर्ट घेतला, स्वतःच्या सहीवर आडवी रेघ मारली, 'रद्द' लिहिलं आणि त्याखाली पुन्हा सही केली. दत्तू जवळ आला.

"आक्का, तुटला असता का गं?"

"सांगता येत नाय, दत्तू. नाय तुटला तरी वाकला असता. आन् खाली तू व्हतास."

दत्तूने खांद्यावरची रस्सी काढून जमिनीवर ठेवली. सावंतांनी क्रेनवाल्याला थांबायची खूण केली.

त्या दुपारी दोन्ही कानांना दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या वेल्ड करायचं ठरलं. नवीन हिशेब मॅडमनी केला, मीही केला. आलेल्या आकड्यापुढे एकक लिहून, एकमेकींचा कागद न बघता. पंच्याण्णव मेगापास्कल. दोन दिवसांत ते काम झालं. त्या दोन दिवसांत मॅडम मला त्या किलोंबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

क्रेन पुन्हा आली. मॅडमनी आधी टाकी जमिनीपासून फक्त वीतभर उचलायला लावली आणि दहा मिनिटं तशीच ठेवली. स्वतः दत्तूशेजारी, रस्सीच्या टोकाला उभ्या. सावंतांनी मागे व्हायला सांगितलं. "दत्तू जिथे उभा राहणार तिथला आकडा मी दिलाय," म्हणाल्या, आणि राहिल्या. डोक्यावरचं हेल्मेट मोठं होतं, ते एका हाताने सावरत वर बघत होत्या. मग टाकी वर गेली, सावकाश फिरली आणि ट्रेलरवर टेकली. खलाशांनी जयजयकार केला.

चहा आला. सावंत हसत मॅडमना म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारख्या माणसाची चूक कशी झाली, मला अजून पटत नाही."

"किलो मी भरले होते," मी म्हणाले.

आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण सगळ्यांनी वळून बघितलं. "कॉम्प्युटरमध्ये वजन मी किलोत भरलं, न्यूटनमध्ये नाही. पहिली चूक माझी. त्या दिवशी मी बोलले नाही."

सावंत माझ्याकडे बघत राहिले, मग मॅडमकडे. मॅडमनी कप खाली ठेवला. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, राग नव्हता. बरं वाटलेल्या माणसाचा चेहरा होता.

"सावंत साहेब," त्या म्हणाल्या, "मी महिनाअखेरीला निवृत्त होतेय. इथून पुढे तुमच्या रिपोर्टांवर हिची सही चालेल."

"मॅडम, मी?" मला रडूच फुटलं. "तुम्हाला माहीत होतं ना? मग सांगितलं का नाही?"

"मी सांगितलं असतं तर तू ऐकून घेतलं असतंस. आता तू सांगितलंस. सही करायला हेच लागतं, बाकी सगळं येतं तुला."

ट्रेलर सुरू झाला. मॅडम पुढे आणखी काही बोलतील म्हणून मी डोळे पुसून वर बघितलं, तर त्या फाटकापाशी पोचल्या होत्या.

नंतर त्या मला लग्नकार्यात दोनतीनदा भेटल्या, खूप बोलल्याही. पण मला त्या आठवतात टाकी निघाली त्या सकाळच्या. गल्लीतून ट्रेलर माणसाच्या चालीने चालला होता आणि त्याच्या बरोबरीने, कॅनव्हासचे बूट भराभर टाकत, साठीची ती छोटीशी बाई. टाकी पलीकडे उतरवताना पुन्हा त्याच कानांना धरून उचलणार होते, म्हणून त्यांची नजर कानांवर. मागून रिक्षावाले हॉर्न मारत होते. त्यांनी मागे न बघता बांगड्यांचा हात वर करून सगळ्यांना थांबवलं, ट्रेलरला वळण घेऊ दिलं, आणि त्याच्याबरोबर त्याही वळल्या.